गव्हाचा मामा

पंजाब-हरियाणात गव्हाच्या शेतात उगवणाऱ्या एका गवताला ‘गेहूं का मामा’ म्हणतात. मंडूसी आणि गुल्ली-डंडा ही त्याची आणखी नावे. शास्त्रीय नाव फॅलॅरिस मायनर. मराठीत ‘मामा बनवणे’ याचा जो अर्थ, तोच या गवताचा उद्योग. एकाच हंगामाचे आयुष्य असलेले हे गवत कोवळेपणी थेट गव्हासारखे दिसते, आणि गव्हासाठी घातलेल्या खतपाण्यावर पोसले जाते.

ओळखायचे तर खाली वाकावे लागते. गव्हाच्या पात्याच्या बुडाशी खोडाला कवटाळणारे दोन बारीक कान असतात. मामाला ते नसतात. तिथे पातळ, पांढुरकी जिभली तेवढी लांब असते. रोपाचा बुंधा बहुधा तांबूस. ओंबी आल्यावर शंकाच उरत नाही, ती विटीसारखी गुबगुबीत. पण तोवर उशीर झालेला असतो. गहू कापणीला येण्याआधीच तिचे चकचकीत बी मातीत झडू लागते.

हे तण १९६० च्या दशकात मेक्सिकन गव्हाबरोबर आले, असे सर्रास सांगितले जाते. मात्र हूकर यांच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’च्या गवतांच्या खंडात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच, त्याची नोंद आहे. होते ते इथेच, माजले हरितक्रांतीनंतर. बुटका गहू, मुबलक पाणी, भातामागून गहू आणि गव्हामागून भात, याहून त्याला काय हवे होते?

१९७० च्या दशकाच्या अखेरीपासून आयसोप्रोट्यूरॉन हे स्वस्त तणनाशक आले आणि वर्षानुवर्षे तेच वापरले गेले. १९९० च्या दशकाच्या आरंभी हरियाणात ते निष्प्रभ ठरू लागले. काही शेतकऱ्यांना हिरवा गहू वैरण म्हणून कापावा लागला. झाले होते ते विलक्षण आहे. हे विष गव्हाला बाधत नाही, कारण गहू ते आपल्या पेशींत मोडून टाकतो. फवाऱ्यातून वाचलेल्या मोजक्या मामांकडेही तीच विद्या होती. पुढची पिढी त्यांच्याच बियांची. रूपाची नक्कल तर होतीच, आता पचनाचीही झाली.

पुढे क्लोडिनाफॉप, सल्फोसल्फ्यूरॉन अशी नवी औषधे आली. कालांतराने त्यांनाही दाद न देणारी रोपे सापडली. माझ्या मते खरा उपयोग झाला तो न नांगरण्याचा. बारीक बी खोलवरून उगवू शकत नाही. नांगर ते वर आणतो. भाताच्या खुंटांतच, ऑक्टोबरअखेर, गहू पेरला तर थंडीची वाट पाहणाऱ्या मामाच्या आधी गहू जमीन झाकतो. पेंढा जाळला तर उलटेच होते: राख आयसोप्रोट्यूरॉन शोषून घेते. अधूनमधून गव्हाऐवजी बरसीम घेतले, तर चाऱ्याच्या कापण्यांत गवतही बी धरण्याआधीच कापले जाते.

उरलेली रोपे ओंबी झडण्याआधी हाताने उपटून शेताबाहेर न्यायची. बांधावर टाकली तर बी पाण्याबरोबर परत शेतात.