चराईबंदीनं पाऊस वाढतो का?

घाटघर-रतनवाडीला धो धो कोसळणारा पाऊस पूर्वेला पारनेर, नगरकडे येईपर्यंत दमून जातो. पर्जन्यछायेतल्या या माळांवर वर्षाकाठी चार-पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक समाधानी असतात. अशा मुलखात गुरांच्या तोंडाचा आणि आभाळाचा संबंध जोडला जाणं साहजिकच.

तो संबंध आहेही. मोकाट चराईनं माळ बोडका होतो, खुरांखाली माती दबून टणक होते. मग वळवाचा टपोरा थेंब उघड्या मातीवर आपटतो, उडालेले बारीक कण जमिनीची छिद्रं बुजवतात आणि पाणी मुरायच्या आधीच गढूळ होऊन ओढ्याला लागतं. जमिनीत ओल नाही, तर बाष्पीभवनही नाही. उन्हाची जी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडली असती, ती जमीन आणि हवा तापवते.

पण त्यानं पाऊसच हटतो का? अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ ज्यूल चार्नी यांनी 1975 मध्ये तसं मांडलं होतं. आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यात अतिचराईनं पांढुरकी वाळू उघडी पडते, ती ऊन परत फेकते, वरची हवा खाली बसते आणि ढग धरत नाहीत, असा त्यांचा तर्क. पुढच्या संशोधनात साहेलच्या दुष्काळाचं मुख्य कारण समुद्राच्या तापमानात सापडलं. चराईकडे फार तर दुष्काळ वाढवण्याचा दोष राहिला. शिवाय नगरची जमीन बेसॉल्टची, काळपट. वाळूचं गणित इथं जसंच्या तसं लागू पडत नाही.

नगरजवळच्या हिवरे बाजार या गावाचं उदाहरण म्हणूनच नीट समजून घ्यायला हवं. सरपंच पोपटराव पवारांच्या पुढाकारानं गावानं चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, श्रमदानातून समतल चर खोदले. डोंगरावर गुरं सोडायची नाहीत. गवत हवं तर विळा घेऊन जायचं आणि कापून आणायचं. माळ हिरवा झाला, विहिरींना पाणी आलं, दुधाचा धंदा वाढला.

बंदीची झळ मात्र सगळ्यांना सारखी बसत नाही. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत पाणलोटाची कामं सुरू झाली तेव्हा मेंढपाळांची नाराजी होती. ज्याचं पोट कळपावर, त्याला विळ्याचा सल्ला देणं सोपं नाही.

गुरं गोठ्यात बांधली म्हणून हवामानाशी त्यांचं नातं तुटतं असंही नाही. मुरघास खाणारी संकरित गायही रवंथ करते आणि ढेकरेतून मिथेन सोडते. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास 28 पट उष्णता धरतो. 2019 च्या पशुगणनेनुसार देशात गाई-बैल 19 कोटींवर आणि म्हशी सुमारे 11 कोटी आहेत.

एका गावाच्या शिवारानं मान्सून वळत नाही. हिवरे बाजारलाही ते माहीत आहे. तिथं दरवर्षी पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि रब्बीला कोणती पिकं घ्यायची ते त्यावरून ठरवतात.