जोर मुठीचा की मनगटाचा?

हातातला जोर कमी झालेल्या माणसासाठी कॅन ओपनर घ्यायचा विषय निघाला की दुकानदार आणि घरातली तरुण मंडळी एका सुरात सांगतात, ‘सरळ इलेक्ट्रिक घ्या.’ सल्ला वाईट नाही, पण घाईचा आहे. ‘हातात जोर राहिला नाही’ या एका तक्रारीत अनेक वेगळी दुखणी असतात. अंगठ्याच्या बुंध्याचा सांधा झिजला की चिमटीत काही धरवत नाही. आमवाताने बोटांचे सांधे सुजले की मूठच पुरती मिटत नाही, आणि सकाळी तर नाहीच नाही. मनगटातली नस दबली की अंगठा आणि शेजारची बोटं बधिर होतात, मग वस्तू कधी निसटली ते कळतही नाही. पक्षाघातानंतर एक हात धडधाकट आणि दुसरा निकामी, अशीही स्थिती असते. तिकडे डबा उघडणं हेही एकच काम नाही. चाक पत्र्यात रुतवायचं, दांडे आवळून धरायचे, किल्ली फिरवायची आणि शेवटी झाकण उचलायचं, अशी ती चार कामं आहेत. यातलं नेमकं कोणतं हाताला झेपत नाही, ते आधी ओळखावं आणि मग ओपनर निवडावा.

पत्र्याच्या डब्यात अन्न टिकवण्याचं पेटंट पीटर ड्युरँडने १८१० मध्ये इंग्लंडमध्ये घेतलं, पण डबा उघडायचं खास हत्यार यायला १८५० चं दशक उजाडावं लागलं. तोवर काम छिन्नी-हातोडीवर चालायचं. १८७० मध्ये अमेरिकेत विल्यम लायमनने कापणारं चाक आणलं आणि पुढे १९२५ च्या सुमारास डब्याची कड पकडून ठेवणारं दुसरं दातेरी चाक त्याच्या जोडीला आलं. आज घरोघरी दिसणारा दोन दांड्यांचा ओपनर याच घराण्यातला. या सगळ्या वाटचालीत विचार झाला तो पत्रा कसा कापला जाईल याचा. ओपनर धरणाऱ्या हाताकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

त्याचा परिणाम एखादा डबा समोर ठेवून पाहिला की कळतो. परदेशातल्या मराठी घरांत हापूस किंवा केशरच्या पल्पचा ८५० ग्रॅमचा डबा सणासुदीला हमखास फुटतो. त्याचा व्यास १० सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे कडेने एक फेरी ३१ सेंटीमीटरची. साध्या ओपनरचं दातेरी चाक दोन सेंटीमीटर व्यासाचं धरलं, तर किल्लीच्या एका पूर्ण वेढ्यात ते सहा सेंटीमीटर पुढे सरकेल. म्हणजे पाच वेढे झाले. मनगट एका दमात जेमतेम अर्धा वेढा फिरतं, तेव्हा किल्ली दहा वेळा तरी सोडून पुन्हा धरावी लागणार. पण खरी गोम दुसऱ्या हाताकडे आहे. किल्ली फिरवणाऱ्या हाताला मध्ये मध्ये उसंत मिळते, दांडे आवळणाऱ्या हाताला ती अजिबात नाही. मूठ जरा सैल पडली की चाक कडेवरून घसरतं आणि पत्रा मध्येच एक बोटभर न कापलेला राहतो. शिवाय चपटी किल्ली धरायची ती चिमटीत, आणि चिमटीच्या टोकाशी लावलेला जोर अंगठ्याच्या बुंध्याशी सुमारे बारापट होऊन पोचतो, असं हाताच्या यंत्रणेचा अभ्यास करणारे सांगतात. झिजलेला सांधा कळवळतो तो यामुळे.

म्हणून पहिली कसोटी ही, की ओपनर एकदा डब्यावर बसवल्यावर आवळून धरावा लागतो की आपला आपण धरून राहतो? झाकण बाजूने कापणारे जे ओपनर मिळतात, त्यांपैकी अनेकांत किल्ली फिरवायला लागताच चाकं कड पकडतात आणि मुठीची सुटका होते. त्यांचा आणखी एक फायदा म्हणजे झाकण आत रसात बुडत नाही, अख्खंच्या अख्खं वर निघतं आणि कडेला धार राहत नाही. बधिर बोटांना कापलेलं कळत नाही, तेव्हा ही सोय लहान समजू नये. दुसरी कसोटी किल्लीची लांबी. चाक फिरवायला लागणारा पीळ तोच राहतो, पण किल्लीचा हात अडीच सेंटीमीटरऐवजी पाच सेंटीमीटर असला तर जोर निम्माच लागतो. तिसरी कसोटी दांड्याची जाडी. सुजलेल्या बोटांना बारीक दांड्याभोवती मूठ पूर्ण मिटावी लागते, तीन-चार सेंटीमीटर जाडीच्या मऊ दांड्याभोवती ती अर्धीच मिटते. सॅम फार्बर यांनी पत्नी बेट्सी यांच्या संधिवातावर तोडगा शोधताना जाड रबरी मुठीची स्वयंपाकघरातली अवजारं काढली. १९९० मध्ये ती ‘ऑक्सो’ नावाने बाजारात आली आणि ज्यांचे हात ठणठणीत होते त्यांनीही ती उचलली. आपल्याकडे बाटली, बूच आणि टिन यांना एकच असा जो पोलादी कटर ड्रॉवरमध्ये पडलेला असतो, तो या तिन्ही कसोट्यांत नापास होतो. त्यात पातं जोर लावून खुपसायचं आणि मनगट वाकवून वर-खाली करत पुढे न्यायचं, म्हणजे दुखऱ्या हाताला शिक्षाच.

आता इलेक्ट्रिक ओपनर. ओट्यावर उभा राहणारा मोठा ओपनर आवळणं आणि फिरवणं दोन्ही वाचवतो. पण त्याचं चाक कड पकडेपर्यंत किलोभराचा डबा हाताने वर उचलून धरावा लागतो, आणि ज्याचं मनगटच दुखतं त्याची पंचाईत तिथेच होते. बॅटरीवर चालणारा, डब्याच्या डोक्यावर बसून स्वतःच गोल फिरणारा छोटा ओपनर त्याहून बरा. एकाच हाताने काम करणाऱ्यासाठी मला तोच सर्वांत योग्य वाटतो, डब्याखाली ओलं फडकं किंवा रबराची चटई असली म्हणजे झालं. तरी घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. बटण कडक आहे का, आणि बॅटरीचं झाकण कसं उघडतं. दुबळ्या हातांसाठी केलेल्या यंत्राचं बॅटरीचं झाकण नखाने खरवडून उघडावं लागावं, याला काय म्हणावं! कडेला पोचा असेल तर हा ओपनर अडतो. पण शिवणीवर पोचा पडलेला डबा तसाही आणू नये, आतलं अन्न बिघडलेलं असू शकतं.

काहींचं म्हणणं असतं की यंत्राची सवय लागली की हात आणखी लुळा पडतो, हाताला काम हवंच. हाताला हालचाल हवी हे खरं, पण सुजलेल्या सांध्यावर पीळ आणि दाब देणं हा व्यायाम नव्हे. सांध्यांच्या दुखण्यावर काम करणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट व्यायाम वेगळा शिकवतात आणि रोजच्या कामातला भार लहान सांध्यांवरून मोठ्या सांध्यांवर न्यायला सांगतात. आपल्या घरात टिन येतातच किती, हा आक्षेप मात्र रास्त आहे. वर्षाकाठी रसगुल्ल्याचा एखादा डबा आणि कंडेन्स्ड मिल्कचे दोन-तीन एवढंच असेल, तर लांब किल्लीचा, बाजूने कापणारा साधा ओपनर पुरे, मोटरवर पैसे घालवू नयेत. रिंगवाले डबे घ्या म्हणजे ओपनरच नको, असंही कुणी सुचवतं. पण ती रिंग पहिल्यांदा उचलायला लागते नखांची चिमटी, म्हणजे नेमकी जी गेलेली असते तीच. चमच्याचा दांडा रिंगेखाली सरकवून ती उभी करावी, मग तोच दांडा रिंगेत अडकवून मुठीने मागे ओढावा. पत्रा सुटताना रस उडतो, म्हणून डबा मोरीत किंवा खोलगट ताटात ठेवलेला बरा. डावखुऱ्यांनी तर ओपनर हातात घेऊन पाहिल्याशिवाय घेऊच नये, कारण बहुतेक किल्ल्या उजव्या हाताच्या सोयीनेच बसवलेल्या असतात.