उतरलेली बॅटरी व बसलेलें चाक

पुणें-नाशिक रस्त्यानें भोसरी, मोशी ओलांडून चाकणकडे जाऊं लागलें कीं, मोटारींशीं संबंध नाहीं असें दोहों बाजूंस फारच थोडें दिसतें. आकुर्डीस बजाजचा आणि पिंपरीस टाटांचा कारखाना उभा राहिला तो १९६० नंतरच्या दहा वर्षांत. १९९९ सालीं बजाजची चाकणची शाखा निघाली, २००९ सालीं फोक्सवॅगनचा कारखाना तेथेंच सुरू झाला, आणि त्यांच्या मागोमाग सुटे भाग करणारे लहानमोठे कारखाने त्या माळावर आले. चिंचवडास तर मोटारीच्या बॅटऱ्याच तयार होतात. अशा या टापूंत राहणारा एखादा गृहस्थ मध्यरात्रीच्या सुमारास पाळी संपवून बाहेर येतो, गाडींत बसतो, किल्ली फिरवितो, आणि इंजिन सुरू होण्याऐवजीं नुसता 'टक्-टक्' असा आवाज येतो. दुपारीं पावसाच्या अंधारांत लावलेले दिवे बंद करावयाचे राहून गेलेले असतात. दिवसभर मोटारींचेच भाग हाताळणारा तो मनुष्य अशा वेळीं तुमच्याआमच्याइतकाच असहाय होतो.

श्रोतेहो, अशा प्रसंगाकरितां जंप-स्टार्टर नांवाची एक पेटी बाजारांत मिळते, आणि हल्लीं तिच्याच पोटांत चाकांत हवा भरण्याचा पंपही बसविलेला असतो. ती निवडतांना काय पहावें, याविषयीं आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

पूर्वीं या पेटीची गरज नव्हती, कारण इंजिन हातानें फिरवीत. पुढच्या बाजूनें लोखंडी हँडल घालावयाचें व जोरानें फिरवावयाचें; इंजिनानें उलटा झटका दिला कीं मनगट मोडावयाचें. अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यानें विजेवर चालणारा सेल्फ-स्टार्टर तयार केला व १९१२ च्या कॅडिलॅक गाडींत तो प्रथम आला. मनगटें वांचलीं, पण त्याबरोबर मोटार सर्वस्वीं बॅटरीच्या स्वाधीन झाली. धक्का मारून गाडी सुरू करण्याची युक्ति आपल्याकडे अजून चालते, परंतु ती हातानें गिअर टाकावयाच्या गाडीपुरतीच. स्वयंचलित गिअरच्या गाडीस चौघांनीं ढकललें तरी ती सुरू होत नाहीं. शिवाय मध्यरात्रीं ढकलावयास चौघे आणावयाचे कोठून?

आतां मूळ मुद्द्याकडे येऊं. या एका पेटीकडून आपण दोन कामें मागतों, आणि तीं स्वभावानें एकमेकांच्या उलट आहेत. बाराशें सी. सी.चें पेट्रोल-इंजिन फिरविण्यास साधारण दीडशें ते दोनशें अँपियर प्रवाह लागतो. पण तो एकदोन सेकंदच. हिशेब केला तर यांत जेमतेम एक वॅट-तास वीज खर्च होते. याच्या उलट हवेचा पंप नऊ-दहा अँपियरांवर भागवितो, परंतु पार बसलेलें चाक भरावयास पांच-सहा मिनिटें चालतो आणि तेवढ्यांत आठ ते दहा वॅट-तास खाऊन टाकतो. म्हणजे विजेच्या हिशेबानें एक चाक भरणें हें आठ-दहा वेळां गाडी सुरू करण्याइतकें महाग आहे! गाडी सुरू करणें म्हणजे घंगाळ एकदम पालथें करणें. हवा भरणें म्हणजे बारीक तोटी बराच वेळ सोडून ठेवणें. पहिल्या कामास भांड्याचें तोंड रुंद पाहिजे, दुसऱ्यास त्याचें पोट मोठें पाहिजे. पेटी विकणारा यांपैकीं तोंडाचीही खरी रुंदी सांगत नाहीं व पोटाचेंही खरें माप सांगत नाहीं. तो तिसरेच आकडे मोठ्या अक्षरांत छापतो.

त्यांतला पहिला आकडा 'पीक अँपियर'. एक हजार, दोन हजार, क्वचित् चार हजारही. हा प्रवाह क्षणाचाही अंश टिकला तरी टिकला, आणि निरनिराळे कारखानदार तो आपापल्या रीतीनें काढतात. म्हणून दोन पेट्यांवरील पीकच्या आकड्यांची तुलना करण्यांत कांहींच अर्थ नाहीं. त्याच पेटीच्या मागें किंवा माहितीपत्रकांत बारीक अक्षरांनीं 'स्टार्टिंग करंट' म्हणून दुसरा, पुष्कळच लहान आकडा असतो. विचारावयाचा तो हा. तो आपल्या गाडीच्या बॅटरीवर 'सी. सी. ए.' या अक्षरांपुढें छापलेल्या आकड्याच्या आसपास असला म्हणजे झालें. लहान पेट्रोल-गाडीस दोनशें ते तीनशें अँपियर पुरे होतात. दोन-सव्वादोन हजार सी. सी.च्या डिझेल-गाडीस त्याच्या दुप्पट धरावेत, कारण डिझेल-इंजिनांत हवा फार अधिक दाबावी लागते. आणि मालवाहू ट्रकवाल्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, मोठ्या ट्रकांची यंत्रणा बहुधा २४ व्होल्टांची असते. मोटारीची १२ व्होल्टांची पेटी तेथें कामाची नाहीं.

दुसरा ठळक आकडा मिलिअँपियर-तासांचा. १२,००० म्हटलें म्हणजे ऐकणारा चकित होतो. पण हा आकडा आंतील एका घटाच्या ३.७ व्होल्टांवर धरलेला असतो. गुणाकार केला तर ४४ वॅट-तास होतात. आपल्या लहान गाडींतील ३५ अँपियर-तासांच्या बॅटरींत भरलेली असतां ४२० वॅट-तास वीज असते. म्हणजे ही पेटी तिच्या दहाव्या हिश्शाएवढी! एवढ्यावर गाडी सुरू होण्यास हरकत नाहीं, कारण त्या कामास पोट नको, तोंड पाहिजे. परंतु चार चाकें भरावयाचीं तर हें पोट लवकरच रिकामें होईल. दोन्ही कामें एकाच पेटीकडून घ्यावयाचीं असतील तर ५० ते ६० वॅट-तासांच्या खालीं जाऊं नये, असें माझें मत आहे. वॅट-तासांचा आकडा ज्या पेटीवर नाहीं ती सरळ परत ठेवावी. असला तरी पेटी हातांत घेऊन तोलून पहावी. इतक्या जोरानें प्रवाह देणारे लिथियमचे घट दर किलो वजनास दीडशेंच्या आसपास वॅट-तास सांठवितात. तेव्हां ७५ वॅट-तासांची म्हणविणाऱ्या पेटींत नुसत्या घटांचेंच वजन अर्धा किलो हवें; वर पंप, नळी व चिमटे निराळे. सबंध पेटी अर्ध्या किलोचीही भरली नाहीं तर छापलेला आकडा खरा नव्हे, हें कांट्याशिवायही कळतें.

याहूनही महत्त्वाची गोष्ट चिमट्यांच्या वायरींवरील लहान डबींत आहे. लाल चिमटा धन टोकास व काळा ऋण टोकास लावावयाचा, हें सर्वांस ठाऊक असतें. पण अंधारांत, पावसांत, गडबडींत तें उलटें होण्यास वेळ लागत नाहीं. चांगल्या डबींत असें झाल्यास प्रवाह आपोआप बंद राहतो, चिमटे एकमेकांस चिकटले तरी ठिणगी पडत नाहीं, आणि इंजिन सुरू झाल्यावर गाडीची वीज उलट पेटींत घुसत नाहीं. ठिणगीची भीति कां, तर शिसें व तेजाब यांच्या बॅटरींतून हैड्रोजन वायु निघतो, आणि हवेंत तो शेंकडा चार इतका मिसळला तरी पेट घेऊं शकतो. बॅटरी अगदींच मेलेली असेल तर डबीस ती दिसतच नाहीं. त्यासाठीं 'बूस्ट' नांवाचें एक बटण असतें. पुष्कळ पेट्यांत हें बटण दाबलें कीं वरील पहारे उठतात, म्हणून तें दाबण्यापूर्वीं चिमटे दोनदां पहावेत. फुगलेल्या, तडा गेलेल्या बॅटरीस चिमटे लावूंच नयेत.

हवेच्या बाबतींत फसवणुकीचा आकडा '१५० पौंड' हा. मोटारीच्या चाकास दर चौरस इंचास ३० ते ३५ पौंड हवा लागते, आणि नेमकी किती तें ड्रायव्हरच्या दाराशेजारीं चिकटविलेल्या कागदावर बहुधा छापलेलें असतें. मग दीडशें पौंडांचें करावयाचें काय? हा आकडा पंप किती जोरानें दाबतो तें सांगतो, किती लवकर भरतो तें सांगत नाहीं. त्यासाठीं दर मिनिटास किती लिटर हवा तो ओढतो, हें विचारावें. लहान गाडीच्या चाकाचें पोट सुमारें २८ लिटरांचें. वीस पौंडांवर आलेलें चाक बत्तीसवर न्यावयाचें तर बाहेरची २३ लिटर हवा आंत घालावी लागते; पार बसलेल्या चाकास साठ लिटरांवर. मिनिटास १५ लिटर ओढणाऱ्या पंपास पहिलें काम दीड-दोन मिनिटांचें. दुसरें कागदावर चार मिनिटांचें. पण चाकांतील दाब वाढला कीं पंपाची ओढ मंदावते, म्हणून तें पांच-सहा मिनिटांवर जातें. मोठ्या एस. यू. व्ही.च्या चाकास याच्या जवळजवळ दुप्पट वेळ धरावा. सायकलच्या पंपाचें तोंड कसें तापतें तें लहानपणीं सर्वांनीं अनुभविलें आहे. दाबलेली हवा तापतेच. म्हणून हे लहान पंप दहा-पंधरा मिनिटांहून अधिक वेळ सलग चालवावयाचे नसतात, आणि माहितीपत्रकांत विश्रांतीचा काळ दिला आहे कीं नाहीं तें पहावें. ठरविलेल्या आकड्यावर आपोआप थांबणारा पंप घ्यावा. त्याचा कांटा पेट्रोल-पंपावरच्या कांट्याशीं एकदां ताडून पहावा; दोघांत एकदोन पौंडांचा फरक निघाला तर आश्चर्य मानूं नये.

२०२० सालीं केंद्रीय मोटारवाहन नियमांत बदल झाला, आणि ट्यूबलेस चाकें, हवेचा दाब दाखविणारी यंत्रणा व पंक्चर काढण्याचें साहित्य असलेल्या गाड्यांस स्टेपनीची सक्ति राहिली नाहीं. ज्यांच्या डिकींत स्टेपनी नाहीं त्यांस हा पंप चैनीची वस्तु नव्हे. मात्र त्याच्याकडून भलती अपेक्षा करूं नये. चाकांत खिळा घुसला असेल तर तो उपटूं नये. हवा भरून हळूहळू जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत जावें. चाकाची बाजू फाटली असेल तर हवा भरणें व्यर्थ.

मग एकच पेटी घ्यावी कीं दोन वस्तु निरनिराळ्या? लहान पेट्रोल-गाडी असलेल्या घरानें एकत्र पेटी घ्यावी. ती एका जागीं राहते व शोधावी लागत नाहीं. मोठ्या डिझेल-गाडीच्या मालकानें, माझ्या मतें, जंप-स्टार्टर निराळा घ्यावा, आणि गाडींतील १२ व्होल्टांच्या सॉकेटवर चालणारा साधा पंप निराळा. तो पंप इंजिन सुरू असतां गाडीचीच वीज खातो, त्याला चार्ज करण्याची आठवण ठेवावी लागत नाहीं, आणि चाक मोठें असल्यामुळें लागणारा जास्त वेळ तो सोसूं शकतो. एकत्र पेटी असेल तर क्रम चुकवूं नये: आधीं गाडी सुरू करावी, मग हवा भरावी. उलट केलें तर चाक भरेल आणि इंजिन मुकें राहील.

प्रत्यक्ष वापरतांना सेल्फ चार-पांच सेकंदांहून अधिक वेळ मारूं नये. न जमल्यास अर्धें-एक मिनिट थांबावें, आणि तीन खेपांत गाडी सुरू झाली नाहीं तर दोष दुसरीकडे आहे असें समजून गॅरेजवाल्यास बोलवावें. तळेगांव-चाकण रस्त्यावर रात्रीं अवजड ट्रकांची रांग चाललेली असते; तेथें रस्त्याकडील चाकाशीं वांकून बसण्यापेक्षां चारही दिवे लुकलुकत ठेवून, चाक थोडें खराब झालें तरी, गाडी कडेच्या मोकळ्या जागेंत नेणें बरें. गाडी सुरू झाल्यावर निदान अर्धा तास ती चालवावी. दुसऱ्या दिवशीं बॅटरी तपासून घ्यावी. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवीत असेल तर ती भरलेली आहे, १२ व्होल्टांच्या खालीं असेल तर ती जवळजवळ रिकामी. दर आठवड्यास जंप-स्टार्टर लावावा लागणें म्हणजे बॅटरी बदलण्याची वेळ केव्हांच येऊन गेलेली असणें.

शेवटीं जपणुकीविषयीं. एप्रिल-मे महिन्यांत कारखान्याच्या उघड्या आवारांत उभ्या राहिलेल्या बंद गाडींत साठ अंशांच्या वर उष्णता जाऊं शकते, आणि कांचेखालच्या डॅशबोर्डावर तर त्याहूनही अधिक. लिथियमच्या घटांस ती मानवत नाहीं. ते फुगतात, क्वचित् पेटतातही. पेटी डिकींत, कापडांत गुंडाळून ठेवावी, आणि भर उन्हाळ्यांत शक्य तर रोज घरीं न्यावी. घेतांना घटांवर आय. एस. १६०४६ हा मानक-क्रमांक व 'आर'नें सुरू होणारा नोंदणी-क्रमांक आहे कीं नाहीं तें पहावें. दर तीन महिन्यांनीं ती पुन्हा भरावी. त्यासाठीं घरांतील दिनदर्शिकेवर खूण करून ठेवणें सोयीचें. आणि पेटी आणल्यावर पहिल्या रविवारीं, भर उजेडांत, इमारतीच्या आवारांत घरांतील जे जे गाडी चालवितात त्या सर्वांनीं एकदां चिमटे लावून व एका चाकांत हवा भरून पहावें.