पोथीखाना, तबकडी आणि चिप

लिहिलेले जपून कोठे ठेवावे आणि गरज पडताच ते त्वरित कसे हाती यावे, हे दोन प्रश्न लेखनकलेइतकेच जुने आहेत. जयपूरच्या राजवाड्यातील पोथीखाना हे त्यांचे एक जुने उत्तर होय. ग्रंथसंग्रहातील पोथी मिळण्यास लागणारा वेळ शोधणाऱ्याला किती चालावे लागते, यावर ठरतो. संगणकालाही हाच नियम लागू पडतो.

आज जयपूरच्या बाजारात एखादा तरुण खेळांसाठी लॅपटॉप घेण्यास गेला, तर त्याच्यापुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. वापरलेला लॅपटॉप स्वस्त असतो. पण त्यात पुष्कळदा हार्ड डिस्क असते. नव्यात बहुधा एसएसडी, म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह असते. पुंजी मर्यादित असेल आणि त्याच लॅपटॉपवर अभ्यास व कामही करायचे असेल, तर ही निवड विचारपूर्वक करावी लागते.

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या फिरत असतात आणि एक सूक्ष्म शीर्ष त्यांवरील माहिती वाचते. १९५६ साली आयबीएम कंपनीने आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या; तरीही तीत सुमारे ५० लाख अक्षरेच मावत. लॅपटॉपमधील तबकडी सामान्यतः मिनिटाला ५४०० वेळा, म्हणजे सेकंदाला ९० वेळा फिरते. हवी असलेली माहिती शीर्षाखाली येईपर्यंत सरासरी अर्ध्या फेरीची वाट पाहावी लागते. हा सेकंदाचा १८० वा भाग क्षुल्लक वाटतो. परंतु खेळ सुरू होताना हजारो लहान तुकडे वाचायचे असल्यास हीच प्रतीक्षा मोठी होते. शीर्ष सरकण्याचा वेळ निराळाच.

एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. माहिती चिपमधील अतिसूक्ष्म कप्प्यांत विद्युत्भाराच्या रूपाने राहते. फुजिओ मासुओका या जपानी अभियंत्याने १९८० च्या दशकात तोशिबा कंपनीत या फ्लॅश स्मृतीचा शोध लावला. लॅपटॉपची हार्ड डिस्क सेकंदाला सुमारे १०० मेगाबाइट माहिती वाचते. साटा जोडणीची एसएसडी सुमारे ५०० मेगाबाइट, तर एनव्हीएमई प्रकारची काही हजार मेगाबाइट वाचू शकते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. एसएसडीमुळे खेळ लवकर उघडतो आणि नवे दृश्य लवकर अवतरते. मात्र पडद्यावरील चित्रांची गती मुख्यतः ग्राफिक्स कार्ड व प्रोसेसर यांवर अवलंबून असते. ते दुर्बळ असतील, तर नुसत्या एसएसडीने खेळ सुरळीत होणार नाही. दुसरीकडे, २०२३ मध्ये आलेल्या ‘स्टारफील्ड’ व ‘बाल्डर्स गेट ३’ या खेळांच्या निर्मात्यांनी एसएसडी ही किमान आवश्यकता म्हणूनच सांगितली. आता तिला केवळ चैन म्हणता येत नाही.

लॅपटॉप प्रवासात बरोबर नेला जातो. चालू हार्ड डिस्कला धक्का बसल्यास शीर्ष तबकडीवर आपटून माहिती नष्ट होऊ शकते. एसएसडीला हे भय नाही. जयपूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा वेळी जलद एसएसडीही तापते आणि स्वतःचे रक्षण करण्यासाठी आपली गती कमी करते. म्हणून लॅपटॉप गादीवर ठेवू नये. त्याच्या हवेच्या वाटा मोकळ्या ठेवाव्यात.

एसएसडीलाही मर्यादा आहेत. तेवढ्याच जागेसाठी ती हार्ड डिस्कपेक्षा महाग पडते आणि आजचे काही खेळ एकेकटेच १०० गिगाबाइटहून अधिक जागा व्यापतात. हार्ड डिस्क बिघडण्यापूर्वी पुष्कळदा खडखडते. एसएसडी मात्र पूर्वसूचना न देता बंद पडू शकते. वीज न मिळता ती वर्षानुवर्षे पडून राहिल्यास तिच्यातील विद्युत्भार हळूहळू ओसरतो.

यावरून निर्णयाची दिशा स्पष्ट होते. संगणकाची मूळ प्रणाली व नेहमीचे खेळ एसएसडीवर असावेत. वापरलेल्या लॅपटॉपचे इतर भाग चांगले असतील, तर त्यातील अडीच इंची हार्ड डिस्क काढून त्याच आकाराची साटा एसएसडी सहसा बसवता येते. खरेदीपूर्वी तशी खात्री मात्र करून घ्यावी. छायाचित्रे, प्रमाणपत्रे व अभ्यासाच्या टिपणांची दुसरी प्रत बाहेरून जोडण्याच्या हार्ड डिस्कवर ठेवावी. खेळ पुन्हा उतरवून घेता येतो. हरवलेली टिपणे पुन्हा मिळत नाहीत. पोथीच्या नकला करून ठेवणाऱ्या जुन्या लेखकांना हे पुरते ठाऊक होते. साधन कितीही जलद असो, ज्याची दुसरी प्रत नाही ते सुरक्षित नाही.