मथळा खरा झाला असता तर?

वर्तमानपत्र शिळे झाले की त्याचे काय होते हे घरोघरी ठाऊक आहे. काही फळीवर अंथरले जाते, काहीत शेंगदाणे बांधले जातात, उरलेले रद्दीवाल्याच्या तागडीत जाते. आमचे निम्मे शिक्षण अशा पुड्यांच्या कागदांवर झाले. पुडीवर पुष्कळदा मथळा तेवढा शाबूत राहतो आणि पुढची बातमी फाटून गेलेली असते. मग ती बातमी आपली आपणच पुरी करावी लागते. हा खेळ आम्हांस फार आवडतो. त्यातही मथळा चुकीचा निघालेला असला तर मौज दुप्पट.

अशा मथळ्यांचा मुकुटमणी ३ नोव्हेंबर १९४८ च्या 'शिकागो डेली ट्रिब्यून'मध्ये आहे. 'ड्यूईने ट्रूमनला हरविले' अशा अर्थाची ती तीन शब्दांची ओळ पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली होती. अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक आदल्याच दिवशी झाली होती आणि मतमोजणी अद्याप चालू होती. मोजणी संपली तेव्हा ट्रूमन यांना ३०३ निर्वाचक मते मिळाली होती, ड्यूई यांना १८९. तोपर्यंत त्या अंकाच्या सुमारे दीड लाख प्रती छापून झाल्या होत्या.

आता समजा, मथळ्याचा मान राखावयाचा असे ठरले. दीड लाख घरांपुरते ड्यूई अध्यक्ष, बाकीच्या देशात ट्रूमन! शिकागोच्या एकाच गल्लीत डाव्या बाजूला एका अध्यक्षाचा कायदा आणि उजव्या बाजूला दुसऱ्याचा. परदेशच्या वकिलाने येताना नजराणे दोन आणावेत. शेजाऱ्याकडून पेपर मागून वाचणाऱ्याने कर कोणाकडे भरावा, हा वाद सर्वोच्च न्यायालयात जावा. शिवाय त्या अंकातील काही ओळी उलट्या छापल्या गेल्या होत्या. तेव्हा ड्यूई यांच्या मंत्र्यांना निदान तेवढ्या कलमांची अंमलबजावणी शीर्षासन घालून करावी लागली असती. आणि रद्दीवाला? तो तर रोज दारोदार फिरून शेरावर राज्य विकत घेत राहिला असता.

पण हा मथळा चुकला कसा, हे त्याहून रंजक आहे. ट्रिब्यूनचे जुळारी, म्हणजे लायनोटाइपवर मजकूर जुळविणारे कामगार, नोव्हेंबर १९४७ पासून संपावर होते. मालकांनी तोड काढली. मजकूर टंकयंत्रावर लिहावयाचा, त्याचे छायाचित्र घ्यावयाचे, त्यावरून ठसा कोरावयाचा आणि मग छापावयाचे. या द्राविडी प्राणायामात कित्येक तास अधिक जात. म्हणून अंक नेहमीपेक्षा फार आधी छापावयास सोडावा लागे आणि निकाल हाती येण्यापूर्वीच मथळा ठरवावा लागे. पत्राच्या अनुभवी वॉशिंग्टन प्रतिनिधीने ड्यूई येणार असा अंदाज दिला, तोच छापला गेला. जाणत्या हातांवाचूनही छापखाना चालतो हे मालकांनी सिद्ध केले खरे. चालला तो असा!

यात आणखी एक गंमत आहे. जुळाऱ्यांचा राग होता टाफ्ट-हार्टले कायद्यावर. संघटनेच्या सभासदांनाच कामावर घेण्याची जुनी पद्धत त्याने बंद केली होती. हा कायदा ट्रूमन यांनी १९४७ मध्ये नाकारला होता आणि काँग्रेसने त्यांचा नकार फेटाळून तो पुन्हा मंजूर केला होता. म्हणजे संपवाल्यांनी काम न करून ट्रूमन यांना हरविणारा मथळा जन्मास घातला, आणि तोच अंक सेंट लुईच्या स्टेशनवर दोन्ही हातांनी उंच धरून ट्रूमन यांनी जगाला दाखविला. इतके फुकटचे प्रचारचित्र दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आले असेल असे वाटत नाही. तेही निवडणूक संपल्यावर!

७ नोव्हेंबर १९१८ ची गोष्ट निराळी. युनायटेड प्रेसची तार आली आणि अमेरिकेच्या वर्तमानपत्रांनी महायुद्ध संपल्याचे मथळे दिले. लोक कचेऱ्या-कारखाने सोडून रस्त्यावर नाचू लागले. युद्ध संपलेले नव्हते. ते थांबले चार दिवसांनी, ११ तारखेला, आणि तेव्हा लोक पुन्हा नाचले. एका युद्धाला दोन सुट्ट्या! पहिलीचा पगार कापावा की न कापावा, हा तंटा आमच्याकडे आला असता तर आम्ही तो आनंदाने लढविला असता. हा मथळा मात्र खरा व्हावयास हवा होता. खंदकातल्या शिपायाने बंदूक ठेवावी, सेनापतीने विचारावे, 'हुकूम कोणाचा?' आणि त्याने म्हणावे, 'संध्याकाळच्या पेपरचा.' चार दिवसांचे मुडदे वाचले असते. ११ तारखेला सकाळी ११ वाजता तोफा थांबणार हे ठरलेले असताना एक अमेरिकन शिपाई १० वाजून ५९ मिनिटांनी मारला गेला.

१९१२ मध्ये 'टायटॅनिक'चे सर्व प्रवासी वाचल्याचा मथळा न्यूयॉर्कच्या एका पत्राने दिला होता. बुडाले सुमारे दीड हजार. तेथे आमचा खेळ थांबतो.

आपल्याकडे २२ मार्च १९७९ रोजी पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत जयप्रकाश नारायण यांच्या निधनाची वार्ता सांगितली. जयप्रकाशजी मुंबईच्या जसलोक रुग्णालयात जिवंत होते. ते वारले ८ ऑक्टोबरला. आमचे निवृत्तिवेतनवाले दर वर्षी हयातीचा दाखला देऊन देऊन थकतात. ज्याला संसदेने श्रद्धांजली वाहिली, त्याला हा दाखला कोणत्या कारकुनाने दिला असता?

आता आमच्या धंद्यातले सांगतो. ड्यूई यांचा मथळा निरुपद्रवी ठरला, कारण मते आधीच पेटीत पडली होती. संपाचे तसे नसते. तेथे रोज सकाळी गेटवर नवे मतदान होते. एका संपात अकराव्या दिवशी एका वर्तमानपत्राने छापले, 'संप मोडला, कामगार कामावर.' त्या सकाळी आत गेले होते मोजून चौदा. पण गावी गेलेल्या मंडळींनी तो मथळा एस.टी. स्टँडवर वाचला. आपणच मागे राहिलो असे वाटून त्यांनी मिळेल ती गाडी पकडली आणि तिसऱ्या दिवशी घाईघाईने गेटातून आत शिरले. दुपारपर्यंत मथळा खरा झाला होता.

तेव्हापासून संप लागला की गेटासमोर आम्ही काळा फळा टांगतो. आत किती गेले, बाहेर किती, कोणी मोजले, किती वाजता, एवढेच त्यावर खडूने लिहितो. गावी गेलेल्यांसाठी फळ्याचा फोटो मोबाईलवर जातो. गेल्या खेपेस पावसाने फळा धुऊन निघाला. छत्र्या धरून दोघे पुन्हा मोजावयास गेले, आणि आकडा लिहून होईपर्यंत माणसे भिजत उभी राहिली.