रावबहादूर म्हणजे इंग्रजांचा हस्तक?

जुन्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर किंवा शाळेच्या कोनशिलेवर ‘रावबहादूर’ हा इंग्रज सरकारचा किताब दिसला, की आपलं मत तयार असतं : हा इंग्रजांचा माणूस. हा निवाडा घाईचा आहे, आणि काही माणसांच्या बाबतीत तर तो उघड अन्याय आहे.

गैरसमज : किताब मिळाला, म्हणजे माणूस सरकारला विकला गेला.

नारायण मेघाजी लोखंडे हे रावबहादूर होते. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, ‘दीनबंधू’ हे वृत्तपत्र चालवलं. १८९० साली कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या लढ्यामुळे. १८९३ च्या हिंदू-मुस्लिम दंगलीत सलोख्यासाठी ते झटले, म्हणून हा किताब मिळाला. १८९७ मध्ये मुंबईच्या प्लेगने त्यांचा बळी घेतला. सीताराम केशव बोले हेही रावबहादूरच. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव त्यांनी १९२३ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात संमत करून घेतला आणि १९२७ चा महाडचा सत्याग्रह त्याच ठरावाच्या आधारावर उभा राहिला. जोतीराव फुल्यांना ११ मे १८८८ रोजी मांडवी कोळीवाड्यातल्या सभेत ‘महात्मा’ ही पदवी देण्यात आली. जनतेच्या वतीने ती देणारे विठ्ठलराव वंडेकर, तेही रावबहादूर.

याचा अर्थ किताब निरुपद्रवी होते, असा मात्र नाही. निष्ठा बांधून ठेवण्याचं ते सरकारी साधन होतं, म्हणून तर १९२० च्या असहकाराच्या कार्यक्रमात किताब परत करणं अगदी आरंभीच होतं. गांधीजींनी कैसर-ए-हिंद पदक परत पाठवलं, वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी ‘रायबहादूर’ ही पदवी सोडली. त्याआधी, १९१९ मध्ये, जालियनवाला बागेनंतर रवींद्रनाथ ठाकुरांनी ‘सर’ ही पदवी नको, असं व्हाइसरॉयला कळवलं होतं. या त्यागाचं मोल मोठंच आहे. पण ज्यांनी किताब ठेवला, त्यांना त्यांच्या कामावरून जोखायला हवं.

गैरसमज : किताबाबरोबर जहागीर मिळायची आणि तो पिढीजात चालायचा.

असं काही नव्हतं. मिळायची ती एक सनद : व्हाइसरॉयच्या सहीची, आणि हा किताब तुम्हाला व्यक्तिगत सन्मान म्हणून देत आहोत, अशा मजकुराची. माणूस गेला की किताब संपला. १९११ च्या दिल्ली दरबारापासून सोबत एक बिल्लाही मिळू लागला. त्याच्या मधोमध राजाचा मुखवटा, भोवती किताबाचं नाव, वर मुकुट. नातवाने स्वतःला रावबहादूर म्हणवून घेतलं तरी त्याला सरकारी आधार नव्हता.

गैरसमज : रावसाहेब आणि रावबहादूर एकच.

‘रावसाहेब’ खालची पायरी, ‘रावबहादूर’ त्यावरची, ‘दिवाणबहादूर’ सर्वांत वर. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई आधी रावसाहेब झाले, नंतर रावबहादूर. गावाकडे तहसीलदाराला आजही ‘रावसाहेब’ म्हणतात, तो निव्वळ मान आहे, किताब नव्हे.

गैरसमज : खानबहादूर म्हणजे मुसलमानच.

‘खान’ची मालिका पारशांनाही लागू होती. मुंबईच्या फोर्टमधल्या मर्झबान रोडला ज्यांचं नाव आहे, ते इंजिनिअर मंचेरजी कावसजी मर्झबान खानबहादूर होते. हिंदूंना उत्तरेकडे बहुधा ‘राय’, आपल्याकडे आणि दक्षिणेत ‘राव’.

गैरसमज : आजची पद्मश्री म्हणजे तोच किताब, नाव बदललेला.

राज्यघटनेच्या कलम १८ ने लष्करी आणि शैक्षणिक बहुमान वगळता सरकारला किताब देण्याची मनाई केली. पद्म पुरस्कार हे किताब नाहीत, म्हणून ते नावाच्या मागे-पुढे लावता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केलं. तरीही आपल्या कार्यक्रमपत्रिकांवर ‘पद्मश्री अमुक’ सर्रास छापलं जातं. ते थांबायला हवं.

आणि एक विनंती. तुमच्या घरातल्या जुन्या ट्रंकेत अशी सनद असेल, तर लाजेने ती रद्दीत टाकू नका आणि अभिमानाने नुसती चौकटीत लावूही नका. तिच्यावरची तारीख पाहा, त्या वर्षी त्या माणसाने काय केलं होतं ते शोधून लिहून काढा, आणि दोन्ही कागद एकत्र जपून ठेवा.