आधी हसरी धाव, मग मॅरेथॉन

"मी मॅरेथॉन धावायची म्हणते," असं घरातल्या बाईने चहाच्या वेळी जाहीर केलं, तर काय होईल? आधी सगळे हसतील. मग एकेक प्रश्न येईल. "या वयात?" "गुडघ्यांचं काय?" "सकाळच्या डब्यांचं काय?" आणि शेवटी, जरा खालच्या आवाजात, "लोक काय म्हणतील?"

पहिल्या तीन प्रश्नांना उत्तरं आहेत, आणि ती पुढे दिलीच आहेत. अवघड आहे तो चौथा. कारण तो घरच्यांनी विचारायच्या आधीच आपण स्वतःला विचारलेला असतो. म्हणून मैत्रिणींनो, तालमीचं वेळापत्रक भिंतीवर लावण्याआधी एक सोपी गोष्ट करा. घड्याळ न लावता, चार माणसांबरोबर, हसतखेळत एक छोटी धाव धावा. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. ही धाव फक्त चार-पाच किलोमीटरची. पण मोठ्या वाटेवरचा पहिला अडसर तीच दूर करते.

द्वारकेवर धावायचं कुठे?

नाशिकच्या द्वारका चौकात ज्यांचं रोजचं जाणंयेणं आहे, त्या हा मथळा वाचूनच हसल्या असतील. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याकडचा रस्ता इथेच भेटतात. डोक्यावर उड्डाणपूल, खाली ट्रक, बस, रिक्षा आणि भाजीच्या पिशव्या घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या आपण! इथली बाई धावते ती सिग्नल सुटायच्या आत पलीकडे पोचायला.

तेव्हा चौकात धावू नका, हे सांगायला नको. काठे गल्ली किंवा टाकळी रोडच्या बाजूला राहणाऱ्यांनी आपल्या वसाहतीतली आतली, कमी वर्दळीची गल्ली शोधावी आणि तिथेच चार फेऱ्या माराव्यात. रविवारी जरा लांब जायची तयारी असेल, तर हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, म्हणजे आपलं गोल्फ क्लबचं मैदान, आहेच. कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक आहे. तिथे पहाटे साडीतल्या, पंजाबी ड्रेसमधल्या, ट्रॅक पँटमधल्या सगळ्या वयाच्या बाया दिसतील. तुमच्याकडे बघायला तिथे कोणाला सवड नसते.

आणि बायांनी लांब धावणं हे नाशिकला नवं थोडंच आहे? हरसूलच्या बाजूच्या सावरपाडा या आदिवासी पाड्यातली कविता राऊत लहानपणी अनवाणी धावायची. तिने नाशिकला प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्याकडे तालीम घेतली. २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरचं कांस्यपदक मिळवलं, आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतराचं रौप्य. सगळा महाराष्ट्र तिला 'सावरपाडा एक्सप्रेस' म्हणू लागला. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. रिओच्या ऑलिंपिकमध्ये ती मॅरेथॉन धावली ते २०१६ साली, लग्नानंतर. आधी लहान अंतरं, मग मोठं. जी शिस्त ऑलिंपिकपटूने पाळली, ती आपण का मोडायची?

कोणती धाव निवडावी?

हसतखेळत धावण्याच्या संधी आता पुष्कळ आहेत. नाशिकमध्ये जानेवारीत 'नाशिक रन' होते. तिथे आजीपासून नातवापर्यंत सगळे चालत-धावत असतात आणि जमा झालेले पैसे समाजकार्याला जातात. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. तिच्यातही सुमारे सहा किलोमीटरची 'ड्रीम रन' असते. नवरीचा वेष करून, फलक घेऊन, ढोल वाजवत माणसं धावतात. पहिलं कोण आलं, हे कोणी विचारत नाही.

आणखी एक धाव आहे. तिचं नाव पुष्कळजणींनी ऐकलेलं नसेल, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं असेल. ती म्हणजे 'प्राईड रन', अर्थात अभिमानाची धाव. ज्या पुरुषाचं मन पुरुषाकडे किंवा स्त्रीचं मन स्त्रीकडे ओढ घेतं, किंवा जन्माच्या वेळी लागलेली मुलगा-मुलगी ही ओळख ज्यांना आपली वाटत नाही, ती माणसं, त्यांचे मित्र, आईबाप असे सगळे मिळून ही धाव धावतात. १९७४ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला अशा धावपटूंची 'फ्रंट रनर्स' ही मंडळी जमली. न्यूयॉर्कच्या त्यांच्या शाखेने १९८२ पासून सेंट्रल पार्कमध्ये दर जूनला प्राईड रन भरवायला सुरुवात केली. आपल्याकडे मुंबईत २००८ पासून आणि पुण्यात २०११ पासून अभिमान पदयात्रा निघू लागल्या. त्यात चालायचं असतं, म्हणजे नवख्या पायांना ते आणखीच सोपं!

आता कोणी म्हणेल, "आम्हा संसारी बायकांचा त्याच्याशी काय संबंध?"

संबंध आहे, बरं का. 'लोक काय म्हणतील' या तीन शब्दांखाली ही मुलं-मुली जेवढी दबतात, तेवढं दुसरं कोण दबत असेल? आपण निदान धावायचं बूट घालून जिना उतरताना शेजारणीची नजर चुकवतो. त्यांना मात्र आपलं अख्खं आयुष्य शेजारच्यांपासून आणि कित्येकदा आईपासूनही लपवावं लागतं. धावपटू द्युती चंदने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत १०० आणि २०० मीटरमध्ये दोन रौप्यपदकं जिंकली. २०१९ साली तिने आपलं एका मुलीवर प्रेम असल्याचं उघडपणे सांगितलं, तेव्हा विरोध झाला तो तिच्या घरातूनच. देशाने टाळ्या वाजवल्या तरी घरच्या दाराशी माणूस अडतो, तो असा.

कायद्याने आपलं पाऊल टाकलेलं आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की प्रौढांचं आपसातलं संमतीचं नातं हा गुन्हा नव्हे. अशा विवाहांना कायद्याची मान्यता द्यायला मात्र न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये नकार दिला. त्याआधी, त्याच वर्षी, 'स्वीकार – द रेनबो पेरेंट्स' या पालकांच्या गटाने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं. सह्या करणारे चारशेवर आईबाप होते. तुमच्याआमच्यासारखेच, मुलांच्या लग्नाची काळजी करणारे.

समजा, उद्या पुण्याला किंवा बंगळूरला नोकरी करणाऱ्या तुमच्या मुलीचा फोन आला, "आई, रविवारी प्राईड रन आहे, पाचच किलोमीटर. येशील माझ्याबरोबर?" तर लगेच "मला कुठे धावता येतंय!" असं म्हणून फोन ठेवू नका. कदाचित ती नुसती मैत्रिणींबरोबर मजा म्हणून जात असेल. कदाचित कित्येक वर्षं ओठाशी आलेलं काहीतरी ती अशा आडवाटेने विचारत असेल. दोन्हींचं उत्तर एकच असू द्या, "येते." तुम्ही किती मिनिटांत पोचलात, हे ती पुढे विसरून जाईल. तुम्ही आलात, हे विसरणार नाही.

ही छोटी धाव काय शिकवते?

कोणतीही हसरी धाव निवडा. तिच्यातून चार गोष्टी कळतात, त्या कागदावर टिपून ठेवा.

पहिली, वेग. शेजारणीशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच गतीने धावा. धाप लागून शब्द तुटायला लागले, की चाला. दोन मिनिटं धावणं, दोन मिनिटं चालणं, यात कमीपणा नाही. गर्दीच्या भरात पहिला किलोमीटर जोरात जातो आणि पुढचे चार रडवतात, तेवढं सांभाळा.

दुसरी, अंग कुठे कुरकुरतं? दुसऱ्या दिवशी पोटऱ्या-मांड्या ओढल्यासारख्या वाटणं साधं आहे. एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं साधं नव्हे. बूट चावले का, हेही आत्ताच कळू द्या. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. छातीला नीट आधार देणारी, धावण्यासाठीची ब्रेसियर घ्या. ती चैन नाही, गरज आहे.

तिसरी गोष्ट लाजेची, म्हणून स्पष्टच लिहिते. बाळंतपणं झालेल्या पुष्कळ बायकांना धावताना, शिंकताना थेंब थेंब लघवी होते. त्यामुळे कित्येकजणी धावणंच सोडतात आणि कारण कोणाला सांगत नाहीत. यावर व्यायाम आहे. लघवी रोखताना आवळतो ते स्नायू दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी आठ-दहा वेळा आवळायचे आणि सोडायचे. काही आठवड्यांत फरक वाटू लागतो. नाही वाटला तर स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. नुकतंच बाळंतपण झालं असेल तर निदान तीन महिने धावू नका.

चौथी, तुमच्या पाठीमागे घर कसं चाललं? त्या सकाळी दूध कोणी तापवलं, पाणी कोणी भरलं, चहा कोणी केला? एका रविवारी जमलं, तर दर रविवारी जमवता येतं. मॅरेथॉनची खरी तालीम इथूनच सुरू होते.

मग मोठ्या अंतराकडे

आधी दवाखान्यात एक फेरी मारा. रक्तदाब, साखर आणि विशेष करून हिमोग्लोबिन तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचं दिसलं. म्हणजे दोघींतली एक! रक्त कमी असताना धावलं की दम लागतो, आणि बाई समजते की आपल्यात दमच नाही. आधी ते भरून काढा.

घाई करू नका. पाच किलोमीटर आरामात जमायला लागले, की तीन-चार महिन्यांत दहा. मग २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन. पूर्ण मॅरेथॉनची स्वतंत्र तालीम त्यानंतर, १६ ते २० आठवड्यांची. शून्यातून सुरुवात करणारीने वर्ष-दीड वर्ष हाताशी धरावं. आठवड्यातून तीन दिवस धावणं पुरतं. त्यातलं एक लांब आणि सावकाश. दोन दिवस घरीच उठाबशा, जिना, पाठीपोटाचे व्यायाम. एक दिवस तरी पूर्ण विश्रांती. अंतर दर आठवड्याला साधारण दहाव्या हिश्श्याने वाढवावं आणि तीन-चार आठवड्यांनी एकदा मुद्दाम कमी करावं.

खाण्याचं अवडंबर नको. निघण्याआधी एक केळं किंवा दोन खजूर. आल्यावर तासाभरात उसळ-पोळी, थालीपीठ-दही, अंडं, जे घरात असेल ते, पण पोटभर. एकादशी-चतुर्थीला लांब धाव ठेवू नका. उपास आणि तीस किलोमीटर यांचं जमत नाही! लांब धावेत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी तहान लागेल तसं घोट घोट घ्या. नुसतं साधं पाणी भरमसाट प्यायलं तर रक्तातलं मीठ उतरतं आणि तेही धोक्याचं असतं.

पहाटे जाताना जोडीने जा. अंगावर फिकट रंगाचे कपडे असू द्या. समोरून वाहनं येतात त्या बाजूने धावा. कानात गाणी नकोत, गळ्यात सोनं नको. मंगळसूत्र घरी ठेवलं म्हणून सौभाग्याला काही होत नाही. साखळीचोर मात्र निराश होतो. छातीत दडपण, चक्कर, धडधड असं काही वाटलं, की तिथेच थांबा आणि डॉक्टरांना गाठा.

मैदान सगळ्यांचं

बायकांना मॅरेथॉन झेपणार नाही, असं मोठमोठे जाणते लोक खुशाल म्हणत होते. १९६७ साली बोस्टनमध्ये कॅथरिन स्वित्झर धावत असताना एका अधिकाऱ्याने तिला ओढून शर्यतीबाहेर काढायचा प्रयत्न केला. बोस्टनने बायकांना रीतसर प्रवेश दिला १९७२ मध्ये. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची मॅरेथॉन १८९६ पासून, आणि बायकांची पहिली १९८४ साली. आणि आपल्याकडे? बारामतीच्या लता करे साठी ओलांडल्यावर, पतीच्या उपचारांना पैसे हवेत म्हणून, नऊवारीत आणि अनवाणी शर्यत धावल्या आणि पहिल्या आल्या. त्यांना कोणी विचारलं नसेल, की लोक काय म्हणतील? विचारलं असेलच. पण धावणाऱ्या बाईला मागचं बोलणं फारसं ऐकू येत नाही.

तेव्हा जवळची एखादी हसरी धाव बघा आणि नाव नोंदवा. एकटीचं नको. जावेचं, शेजारणीचं, लेकीचं, आणि ज्याच्याशी आजवर कोणी मोकळेपणाने बोललं नाही, अशा नात्यातल्या त्या मुलाचंही. पाच किलोमीटर गप्पा मारत पार करा. मॅरेथॉनचं वेळापत्रक सोमवारी भिंतीवर लावता येईल.